झेंडूची मेल शोधायला नाशिकला

आधीच सांगून टाकते, मला द्राक्षं मिळाली नाहीत. परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "नाशिकला गेली होतीस ना? मग द्राक्षं कुठायत?" तर मंडळी, दसऱ्याच्या आठवड्यात नाशिकला द्राक्षं नसतात. वेल नुकते छाटलेले असतात, त्यांना पोपटी पानं फुटत असतात आणि बागवाले सगळे रोग येईल म्हणून घाबरलेले असतात. हे मला जायच्या आधी कुणी सांगितलं नाही. तसं बरंच काही सांगितलं नव्हतं. आणि खरं म्हणजे परत आल्यावरही सगळं कळलंय असं नाही. पण विसरायच्या आत लिहून काढते.

मी गेले कशाला, ते आधी. आमची एक गाळणी आहे. पुण्याच्या समीरनं बनवलेला छोटासा प्रोग्राम. मेल उघडली की तुम्हालाही येत असेल ना तो सगळा कचरा, लॉटरी लागली, पोट कमी करा, परदेशातला कोणी श्रीमंत माणूस मेलाय त्याचे पैसे तुम्ही घ्या. एकट्यानं पुसत बसलं तर जन्म जाईल. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून पुसायचं ठरवलं. गाळणी घेतली की मेलच्या बाजूला दोन बटणं येतात, "कचरा" आणि "चांगली". बऱ्याच जणांनी एखादी मेल कचरा म्हटली की ती बाकी सगळ्यांकडे आपोआप कचऱ्याच्या डब्यात जाते. पाठवणाऱ्याचं नाव आम्ही बघत नाही, कारण ते लोक रोज नाव बदलतात. रोजची मेल नवी, रोजचा निकाल नवा. आणि ज्या लोकांचं आपसात नेहमी जुळतं त्यांच्या बोटाला जास्त वजन. झालं, एवढीच गाळणी. फुकट आहे. तिच्या तक्रारी माझ्याच मेलवर येतात आणि मीच त्या वाचते, कारण मी फास्ट टाइप करते. दुसरं कारण नाही.

तर एक दिवस मी सहज माझाच कचऱ्याचा डबा चाळत होते. त्यात एक मेल. इंग्रजी अक्षरांत मराठी. वर झेंडू, शेवंती, गुलाब, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांचे त्या दिवशीचे भाव, आणि खाली लिहिलेलं:

"मी मंगल, मखमलाबाद, नाशिक. रोज पहाटे बाजारात फुलं घेऊन जाते, भाव बघते, घरी येऊन सगळ्यांना कळवते. आधी खूप जण उत्तर द्यायचे. आता कोणीच देत नाही. एकाने फोन करून सांगितले की तुमची गाळणी मला कचऱ्यात टाकते. मी कोणाचे काय वाईट लिहिले? दसऱ्यापर्यंत एक पण उत्तर आले नाही तर दसऱ्याची पूजा झाल्यावर कॉम्प्युटर दिरांच्या दुकानात जाणार आहे. राग नाही. फक्त कारण सांगा."

मला इतकं कसंतरी झालं! कचरा का केला म्हणून विचारणारी मेलसुद्धा आम्ही कचऱ्यात टाकली होती.

मी लगेच समीरला फोन. म्हटलं हातानं सोड तिची मेल. तो म्हणाला, "अजिबात नाही. रोज पहाटे उठून तू सोडणार आहेस का? आणि आज एक सोडलीस तर उद्या प्रत्येकाचा मामा येईल." मग त्यानं बघितलं, बटणं कुठून दाबली जातायत. दिंडोरीहून. आता दिंडोरी म्हणजे आमचं सोनं. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांचा एक ग्रुप आहे, सगळे एका सायबर कॅफेतून मेल बघतात आणि त्यांचा आपसात एकदाही मतभेद नाही. एकदाही! सगळ्यात जास्त वजन त्यांचं. समीर म्हणाला, "दिंडोरीवाले चुकत नाहीत. त्या बाईच्या मेलमध्येच काहीतरी असणार." मी कॅफेत फोन केला तर तिथला संजू म्हणाला, "फोनवर नाय समजायचं ताई. या की, नवरात्र हे, वणीच्या गडाला सगळं जग चाललंय, तुम्ही पण या."

कॉलेजला सुट्टी होती. आईनं पिशवी भरली. मी एसटीत बसले.

मखमलाबाद

पिशवीचा विषय आधी संपवते. मंगलताईंकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून आईनं आमसुलं दिली होती आणि चांगलं भरपूर सुकट. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, आमच्याकडे याहून मोठं प्रेम नाही. मी दारातच पिशवी पुढे केली. मंगलताईंनी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं. आत घट बसलेले. मातीत पेरलेलं धान्य वीतभर उगवलेलं, वर झेंडूच्या माळा, अखंड दिवा. घरातल्या बायकांचे नऊ दिवसांचे उपास, पायात चप्पल नाही. आणि मी उंबऱ्यात मासळी घेऊन उभी.

आमच्याकडेही नवरात्र असतंच हो! पण बसमध्ये बसताना डोक्यात मेल होती, देवी नव्हती.

"असू दे, असू दे," मंगलताई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "कोकणातनं आली ना पोर, मंग काय हापूस आणल का आत्ता?" त्यांनी पिशवी विहिरीजवळच्या शेवग्याला उंच टांगून टाकली. पुढचे सगळे दिवस घरातली मांजर त्या शेवग्याखाली भक्तिभावानं बसून होती.

मंगलताई तिशीच्या. हसऱ्या, पण बोलता बोलता मध्येच गप्प होणाऱ्या. मळ्यात झेंडू, शेवंती, कडेनं भाजी. मिस्टर सातपूरला कंपनीत, पहिल्या पाळीला, त्यामुळे पहाटे बाजारात माल नेतात त्या आणि दीर. दीर म्हणजे भास्करभाऊ. टेम्पो त्यांचा. खताबियाण्यांचं दुकानही त्यांचंच. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, विणलेलं झाकण घातलेला, नवरीसारखा. भास्करभाऊंनी त्याच्याकडे बोट केलं.

"ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. वहिनी सकाळी उठून टाइप करती, फोन अडकून पडतो, अन् वाचतंय कोण? कुणीच नाय. माझ्या दुकानात नेला तर बिलं तरी निघतील."

"आधी वाचायचे की," मंगलताई म्हणाल्या.

"आधी म्हंजे कधी?"

त्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण उगाच सरळ केलं. मला वाटलं, सापडला! हाच माणूस. यानंच दिंडोरीवाल्यांना सांगितलं असणार. मी रात्री झोपताना अगदी ठरवून टाकलं की हाच. भाकरी, मेथी आणि मिरचीचा खुडा मात्र त्यानंच तीनदा आग्रह करून वाढला होता, त्यामुळे जरा गोंधळ झाला. (खुडा म्हणजे तव्यावर मिरची, लसूण, शेंगदाणे रगडतात ते. माझे कान लाल झाले. उपासवाल्या बायका साबुदाणा खात माझी मजा बघत होत्या.)

गोदाकाठचा फुलबाजार

पहाटे टेम्पोत मागे झेंडूच्या पोत्यांवर बसून गेले. थंडी, आणि खालून फुलांची ऊब येते, खरंच येते, पोत्यात हात घातला तर गरम लागतं. मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

बाजारात नुसता केशरी-पिवळा धुमाकूळ. आमच्याकडे फुलं पुडीत मिळतात, इथे ढिगाऱ्यावर माणसं चढलेली. मंगलताई अनवाणी, चिखलातून, आणि कोणी कितीला दिला, कोणी कितीला घेतला हे नुसतं कान देऊन डोक्यात साठवत चाललेल्या. मी विचारलं, लिहून का घेत नाही? म्हणाल्या, "लिहाया लागलं की हे लोक गप होतात." एक व्यापारी त्यांना बघून ओरडला, "आली बघा पेपरवाली! आज काय छापणार?" सगळे हसले.

मला लगेच वाटलं, हा! भाव सगळ्यांना कळला तर नुकसान कुणाचं? व्यापाऱ्याचं. भास्करभाऊ नाहीत, हाच. मी सरळ त्याला जाऊन विचारलं, मंगलताईंची मेल बंद पडावी असं तुम्हाला वाटतं का. मी अशी आहे, तोंडात आलं की बाहेर.

तो म्हणाला, "अरे बंदच पडली ना? त्याचा तर वैताग! आधी तिनं भाव पडल्याचं कळवलं की लोक माल तोडत नव्हते, दोन दिवसांनी आणायचे. आता सगळे एकदम आणून टाकतात. काल निम्मा माल इथंच सडला. दसरा परवावर हे, सांग तिला लिही म्हणावं."

आता काय करायचं? ज्याच्यावर संशय घ्यावा तोच म्हणतो लिही. मी भास्करभाऊंकडे बघितलं, तेही माझ्याइतकेच गोंधळलेले. म्हणाले, "चला, मिसळ खाऊ." गरम रस्सा, वर पापड चुरलेला, बाजूला दही. उपासामुळे मंगलताईंनी नुसता चहा घेतला आणि माझी जीभ भाजली तेव्हा हळूच दह्याची वाटी पुढे सरकवली.

घरी येऊन त्यांनी मेल टाइप केली. फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावलं, कॉम्प्युटरनं ते नेहमीचं किंचाळणं केलं, मेल गेली. दोन बोटांनी टाइप करतात, पण एक अक्षर चुकत नाहीत. शेवटी रोजच्यासारखं लिहिलं, "काळजी घ्या, घाईने तोडू नका."

मग म्हणाल्या, "चल दिंडोरीला. कोण हे ते बघू दे मला. पण माझं नाव सांगू नको आधी. मागं बोलतात ते समोर ऐकायचंय."

दिंडोरी

रस्ता देवीच्या माणसांनी भरलेला. अनवाणी, डोक्यावर गाठोडी, हातात झेंडे, कोणी खानदेशातून चालत आलेले. टेम्पो त्यांच्या मागे मुंगीसारखा. भास्करभाऊ हॉर्न वाजवत नव्हते. म्हणाले, "देवीच्या माणसाला हॉर्न नाय मारायचा." आमच्याकडे गणपतीत मुंबईच्या गाड्या आल्या की हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात, ते आठवलं.

संजूचं दुकान म्हणजे पुढे झेरॉक्स आणि रिचार्ज, मागे पडद्याआड दोन कॉम्प्युटर. बाकावर सात-आठ शेतकरी, पहाटेची फवारणी करून आलेले, कपड्यांना औषधाचा वास. रोज सकाळी इथे हवामान बघायचं आणि मेल बघायची असा त्यांचा नेम. मधोमध नाना बसलेले. टोपी, पांढऱ्या मिश्या, हातात चहाची बशी. मी सांगितलं, मी गाळणीकडची स्नेहल. नाना उठून उभे राहिले! "बसा, बसा. अरे संजू, गाळणीच्या म्याडम आल्या, चहा सांग." मंगलताई डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसल्या, त्यांना सगळ्यांनी माझी मावशी धरलं. भास्करभाऊ दारात.

"तुमच्यामुळं लय बरं झालं बघा," नाना म्हणाले. "आधी नुसता घाणीनं भरून यायचा डबा. आता साफ. आम्ही रोज न चुकता मारतो. दाखव रे म्याडमला."

संजूनं एक मेलबॉक्स उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ही एक इंग्लिश. लॉटरी लागलीय, बँकेचा नंबर पाठवा."

"मार," नाना म्हणाले.

"मारली. आजूबाजूच्या?"

"मार की. विचारतो काय रोज."

टक, टक, टक. मग संजूनं ती मेलबॉक्स बंद केली, दुसऱ्याची उघडली, तेच. टक, टक, टक. तिसऱ्याची. मी विचारलं, सगळ्यांचे पासवर्ड तुझ्याकडे? तो म्हणाला, "सगळ्यांचा एकच हे, म्हंजे कुणी विसरत नाय." म्हणजे आम्ही पुण्यात आणि चिपळुणात बसून ज्याला दिंडोरीचं एकमत म्हणत होतो, ते संजूचं एक बोट होतं.

पण ते नंतर कळलं. तेव्हा माझं लक्ष त्या "आजूबाजूच्या" शब्दावर अडकलेलं. मी स्क्रीनकडे वाकून बघितलं. लॉटरीच्या वर कुठल्याशा क्लासची जाहिरात होती. लॉटरीच्या खाली, अगदी लागून, "झेंडू आजचा भाव, मंगल, मखमलाबाद."

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की पुढे झेरॉक्स काढणाऱ्याचा कागद अडकला. "आजूबाजूच्या म्हणजे काय?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी विचारलं की जेवायच्या आधी हात कशाला धुवायचे.

"शेजारच्या," नाना समजावून म्हणाले. "एक वरची, एक खालची. डावणीचा रोग एका वेलावर दिसला तर तेवढाच वेल फवारून भागतं का पोरी? शेजारचा हिरवागार दिसतो, पण रोग त्याच्यात शिरलेला असतो. छाटणी झाल्यापासनं आम्ही हे धरलं. तवापासनं कचरा निम्म्यावर आला."

मला एकदम सगळं दिसलं. लॉटरीवाल्यांची मेल रोज सकाळी येते. मंगलताई फुलबाजारातून येऊन रोज त्याच सुमाराला पाठवतात. हिचा शेजारी रोज तोच! आणि संजू दुकान सकाळी लवकर उघडतो, त्यामुळे बाकी कुणी मेल बघायच्या आत दिंडोरीचं सगळं वजन तिच्यावर पडतं आणि ती अख्ख्या महाराष्ट्रातून नाहीशी.

मी समजवायला लागले. मेल म्हणजे वेल नाही, रोग एकीतून दुसरीत जात नाही, शेजारी असणं म्हणजे फक्त वेळ जवळची. मी भराभरा बोलत होते. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जात नाय म्हणती? मंग मागं ती चिठ्ठी आलती ती? संजूनं एक उघडली, अन् आमच्या समद्यांच्या नावानं समद्या पाव्हण्यांना गेली. माझ्या व्याह्याला माझ्या नावानं काय काय गेलं! तोंड दाखवाया जागा नव्हती मला. पसरत नाय म्हणती?"

आता आली का पंचाईत! ते खरंच होतं. तो व्हायरस माझ्याही घरी येऊन गेला होता. मी अडखळतच सुरू केलं. म्हणजे कधीकधी पसरतो, पण असा नाही, म्हणजे शेजाऱ्याला नाही, ओळखीच्याला... माझं मलाच कळेना की मी कोणाची बाजू घेतेय.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"ती खालची मेल माझी हे, नाना. मी मंगल."

 संजूचं बोट बटणावर तसंच.

"मी रोग हे का?"

नानांनी टोपी काढली. हातातली बशी बाकावर ठेवली, चहा सांडला तरी लक्ष नाही. "तुम्ही... फुलंवाल्या मंगलताई? अवं आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलं! गेल्या साली टमाट्याच्या टायमाला आम्ही तुमच्याच मेलवर माल तोडायचो. हा बाळू म्हणला पण, ताईची मेल येईना, आजारी असतील."

"येत होती. तुम्ही मारीत होता."

"शेजारची वाचीत बसत नाय ना," संजू पुटपुटला. "नुसती मारायची."

मी सरसावले, पुन्हा वेळ आणि क्रम समजवायला. मंगलताईंनी हातानं मला थांबवलं.

"नाना, टमाट्याच्या कडंनं झेंडू लावता का नाय?"

"लावतो की."

"कशापायी?"

"कीड झेंडूवर जावी, टमाटा वाचावा म्हणून."

"मंग झेंडूच्या शेजारी कीड दिसली का झेंडू उपटून टाकता?"

नाना टोपी हातात फिरवायला लागले. मग एकदम हसले, मोठ्यानं, सगळ्या मिश्यांसकट. "नाय उपटीत, बाई. नाय उपटीत."

"मंग मला का उपटलं? एक महिना झाला. रोज पहाटे जाती मी. घरात मला..." आणि इथे त्या थांबल्या, कारण भास्करभाऊ दारात होते. भास्करभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"संजू," नाना टोपी घालत म्हणाले, "ताईंची मेल चांगली कर. समद्यांकडनं. उद्यापासनं रोज. हयगय करू नको."

मी बाहेर पळाले, समीरला फोन करायला. आत रेंज नव्हती. त्याला सगळं सांगितलं, शेजारचा वेल, एक बोट, व्याही, झेंडू. तो म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?" मी म्हटलं, माहीत नाही, पण मेल सुटली. परत आत आले तर संजू हात झटकत होता. "टाकलं खत," तो म्हणाला. मला वाटलं, किती गोड बोलतात इथे!

मग नानांनी बाग दाखवली. कोवळ्या पानांच्या लांबच लांब ओळी, खाली औषधानं निळसर झालेली माती. द्राक्षं नाहीत हे मला इथेच कळलं. मी विचारलं तर नाना म्हणाले, "माघ-फाल्गुनात ये. आत्ता याच्याकडं नुसतं बघायचं असतं, बाळंतिणीसारखं."

दसरा

दुसऱ्या दिवशी एकही उत्तर आलं नाही.

मंगलताईंनी सकाळी भाव पाठवला, दुपारी बघितलं, संध्याकाळी बघितलं. काही नाही. मी म्हणत होते लोकांनी डबा बघायचं सोडलं असेल, जरा वेळ लागेल. त्या "हो हो" म्हणत होत्या आणि दाराला लावायच्या माळा ओवत होत्या. ओवताना बोटं इतकी भराभर चालतात की मी लाजले. टाइप करताना दोनच बोटं, इथे दहाच्या दहा.

दसऱ्याला सकाळी सगळ्या वस्तू धुऊन मांडल्या. विळा, फवारणीचा पंप, टेम्पो, मिस्टरांची कंपनीतली पाना-पक्कड, आणि मध्ये पाटावर कॉम्प्युटर. त्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार. आमच्याकडे शस्त्रं पुजतात, पण टेम्पोएवढं शस्त्र मी पहिल्यांदा बघितलं. आरती झाली. भास्करभाऊंनी टेम्पोच्या मागच्या भागात गोधडी अंथरलेली होती, कॉम्प्युटर नीट बसावा म्हणून. सगळ्यांना ती गोधडी दिसत होती.

"एकदा बघू?" मी म्हटलं.

हार तसाच ठेवून फोन लावला. लाइन एंगेज. परत. एंगेज. आज सगळं नाशिक एकमेकांना सोनं घ्या म्हणून फोन करत होतं. मग लागला. ते किंचाळणं. मग शांत. मग एक ओळ आली.

चांदवडहून कोणीतरी. "ताई कुठं होता? दसऱ्याचा तर विकला, आता दिवाळीसाठी राखू का?"

त्याच्याखाली आणखी एक. मग आणखी. एकानं नुसतं लिहिलं होतं, "बऱ्या आहात ना?" मंगलताई वाचत होत्या, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग त्यांनी डोळे पुसले आणि कुंकवाचा हात लागून अख्खा गाल लाल झाला.

भास्करभाऊ त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. मग बाहेर गेले. परत आले ते गोधडीची घडी घालत. "राहू दे आज," ते म्हणाले.

"अन् उद्या?" मंगलताईंनी विचारलं.

"उद्या पहाटे बाजारात जायचं ना तुला. उद्याचं काय विचारती." मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "ताई, आज उपास सुटला. ते झाडावरचं पार्सल ठेवून जा म्हणतो मी."

मांजर आणि मी, दोघी त्यांच्यामागे विहिरीकडे गेलो.

चिपळूण

घरी पोचले, बॅग टाकली, आधी मेल उघडली. आणि होती! "झेंडू आजचा भाव, मंगल, मखमलाबाद." डब्यात नाही, वर, समोर, माझ्या स्वतःच्या मेलमध्ये. मी आईला ओरडून बोलावलं, बघ, बघ!

आई चष्मा लावून आली. "ही वरची कोणाची गं? तुला लॉटरी लागलीय म्हणतेय."

मंगलताईंच्या वर लॉटरी. मंगलताईंच्या खाली पोट कमी करायच्या गोळ्या. फोन वाजत होता, समीर होता, ओरडत होता. सगळ्यांकडे, अख्ख्या गाळणीवर, कचरा वाहत सुटलाय, आणि त्याला "चांगली" म्हणणारं सगळं वजन दिंडोरीचं!

मी संजूला फोन लावला. त्याला माझा आवाज ऐकून आनंदच झाला. "आली ना ताईंची मेल? रोज न चुकता चांगली करतो."

"अरे पण शेजारच्या?"

"त्या पण करतो की," संजू म्हणाला. "खत टाकलं तर एका वेलाला लागतं का ताई? थोडं शेजारच्यालाही जाणारच."

मी त्याला समजावून सांगितलं. त्याला समजलं, असं तो म्हणाला. मला समजलं की नाही, अजून सांगता येत नाही. फोन ठेवला आणि लॉटरीच्या मेलवर "कचरा" दाबायला बाण नेला. रोज शंभरदा दाबते मी हे बटण, न बघता, पण त्या दिवशी अगदी हळू, स्क्रीनला नाक लावून, एकेक केसाचं अंतर बघत दाबलं. खाली लागूनच मंगलताई बसल्या होत्या ना.